‘एज ऑफ अल्ट्रॉन’ सोडून द्यायचा? का म्हणून?

मागच्या महिन्यात भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवली. मार्व्हलचे सुपरहिरोंचे सिनेमे कुठल्या क्रमानं बघायचे आणि कुठले सोडले तरी बिघडत नाही, अशी. ही यादी तुमच्याकडेही कधी ना कधी आली असेल. दर खेपेला थोडी वेगळी असते, निकाल मात्र ठरलेला. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन’पुढे लाल फुली आणि खाली कारणं. खलनायक पोकळ, नुसते विनोद मारतो. शेतघरात सिनेमा झोपतो. शेवटी नेहमीचंच, शहर पाडा आणि घरी जा. ब्लॅक विडो नताशाची पार वाट लावली. सगळा सिनेमा म्हणजे पुढच्या सिनेमांची दोन तास एकवीस मिनिटांची जाहिरात. आणि तळाशी ठळक अक्षरात: म्हणूनच तो पडला. त्याखाली भाच्याचा प्रश्न, ‘मावशी, हा सोडला तर चालेल ना?’

न चालायला काय झालं! पण कारणं तरी खरी असावीत.

तळापासून सुरुवात करते, कारण ते लगेच निकाली निघतं. जगभरात सुमारे १४० कोटी डॉलर कमावणाऱ्या सिनेमाला पडला म्हणायचं तर पडणं म्हणजे काय ते एकदा ठरवून घ्यायला हवं. २०१५ साली त्याच्यापेक्षा जास्त गल्ला फक्त तीन सिनेमांनी जमवला. खरं आहे ते एवढंच की २०१२चा पहिला ‘अ‍ॅव्हेंजर्स’ १५२ कोटींपर्यंत गेला होता आणि हा त्याच्या मागे राहिला. घट मुख्यतः अमेरिकेतली, तिथे आकडा ६२ कोटींवरून ४६ कोटींच्या आसपास आला. थोरल्यापेक्षा थोडे मार्क कमी पडले म्हणून धाकट्याला कुणी नापास म्हणत नाही. (म्हणतात, घरोघरी म्हणतात, माहीत आहे मला.)

आता अल्ट्रॉन. तो विनोद मारतो, हे कबूल. ट्रेलरमध्ये जेम्स स्पेडरचा तो खालच्या पट्टीतला, किंचित कंटाळलेला आवाज ऐकून आपण सगळेच टरकलो होतो. थिएटरात बघतो तर मनुष्यजात संपवायला निघालेला हा यंत्रमानव बोलता बोलता शब्द विसरतो. माणसं जन्माला घालतात त्या छोट्या माणसांना काय म्हणतात, हेच त्याला पटकन आठवत नाही. बऱ्याच जणांचा रस तिथेच गेला. पण तो बोलतो कुणासारखा, हे जरा कान देऊन ऐका. ती थट्टेची लकब, गंभीर वेळी फिसकन हसवायची खोड, स्वतःच्या हुशारीवर खूश असणं, सगळं टोनी स्टार्कचं, म्हणजे आयर्न मॅनचं. टोनी आणि ब्रूस बॅनर (चिडला की हल्क होणारा शास्त्रज्ञ) यांनीच त्याला घडवलाय. लोकी हा खलनायक पहिल्या सिनेमात जो राजदंड घेऊन फिरत होता त्यातलं काहीतरी, आणि त्यावर टोनीची भीती, या दोन गोष्टींवर तो उभा आहे. पोरगं बापावर गेलंय.

आणि पोराला नेमकं तेच सहन होत नाही. जहाजं तोडण्याच्या अड्ड्यावरचा प्रसंग आठवा. पडद्यावर ते ठिकाण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं असलं तरी त्यातलं काही चित्रीकरण बांगलादेशातल्या चितगावचं आहे. मुंबईत दारूखान्याला जहाजं तुटताना ज्यांनी बघितली आहेत त्यांना ती गंजलेली पोटं ओळखीची वाटतील. तिथे युलिसिस क्लॉ या शस्त्रांच्या दलालाशी सौदा चालू असताना अल्ट्रॉनच्या तोंडून एक वाक्य निघतं. क्लॉ चमकतो, हे तर स्टार्कचं वाक्य, स्टार्कनं मला अगदी याच शब्दांत ऐकवलं होतं. तू त्याचाच की काय? अल्ट्रॉन क्षणात त्याचा हात तोडतो. मग ओशाळून माफी मागू लागतो, आणि मध्येच पुन्हा भडकतो. संहाराची भाषणं कुठलाही खलनायक ठोकतो. बापाशी तुलना केली म्हणून समोरच्याचा हात तोडणारा, वर त्याबद्दल सॉरीही म्हणणारा मला तरी दुसरा आठवत नाही. हे विनोद काढून टाका, मग अल्ट्रॉन खरोखरच पोकळ होईल.

त्याच्यात खोट आहे, पण ती वेगळी. त्याची फौज फार हलकी आहे. अल्ट्रॉनचे शेकडो नमुने मातीची मडकी फुटावीत तसे फुटतात, त्यामुळे मूळ अल्ट्रॉनची भीतीही पातळ होत जाते. आणि नावात ‘एज’ आहे म्हणून युग म्हणायचं, एरवी सगळा काही दिवसांचा मामला. यादीवाल्यानं हे लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते.

शेतघराचा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते. जोहान्सबर्गमध्ये हल्क बेभान होतो, टोनी त्याला आवरायला त्याच्याहून थोराड चिलखत चढवून उतरतो, अर्धं शहर हादरतं आणि मग हे सगळे वीर तोंडं पाडून क्लिंट बार्टनच्या घरी येतात. बायको, दोन मुलं, तिसरं पोटात. इतके सिनेमे हा धनुष्यबाणवाला आपल्यासमोर वावरला, पण त्याला घर आहे याचा पत्ता नव्हता. इथे कथा थांबते असं म्हणतात. थांबतेच, थांबायलाच हवी. कारण तेव्हा अल्ट्रॉनच्या बाजूनं असलेल्या वांडानं एकेकाच्या डोक्यात शिरून जे दाखवलंय ते उतरायला जागा लागते. स्टीव्हला, म्हणजे कॅप्टन अमेरिकाला, दिसला होता युद्ध संपल्याचा जल्लोष, नाचाचा हॉल आणि त्याची जुनी प्रेयसी पेगी, आता घरी जाऊ या म्हणणारी. पुढे या शेतघराच्या दारात तो उभा राहतो, आतून घरातली माणसं दिसतायत, पेगीचं ते वाक्य पुन्हा ऐकू येतं आणि हा गडी मागे फिरतो. काही सेकंदांचा प्रसंग. त्याला घर नाही आणि आता असेल असंही त्याला वाटत नाही, एवढं सगळं एका उंबरठ्यावर.

मग लाकडं फोडताना टोनी आणि स्टीव्हची जुंपते. लढाई सुरू व्हायच्या आधीच ती जिंकायला जो जो निघाला त्याच्यापायी निरपराध माणसं मेली, असं स्टीव्ह सुनावतो, आणि बोलता बोलता हातातला ओंडका नुसत्या हातांनी उभा फाडतो. टोनी त्यावरही टोमणा मारतो. पुढच्याच वर्षीच्या सिनेमात हे दोघं एकमेकांवर उठले, त्याची पहिली ठिणगी या लाकडांच्या ढिगाशी पडलेली आहे.

हा भाग वाचवायला दिग्दर्शकाला किंमत मोजावी लागली. जॉस व्हेडननं सिनेमा आल्यानंतर जाहीरपणे सांगितलं की शेतघर आणि स्वप्नांचे प्रसंग स्टुडिओला नको होते; ते ठेवायचे तर हातोडेवाल्या थॉरचा गुहेतला प्रसंग ठेव, असा सौदा होता. आता ती गुहा बघा. थॉर कुठल्याशा पाण्यात उतरतो, वीज कडाडते, त्याला अनंतमणी (विश्वाची शक्ती साठवलेले खडे) दिसतात, आणि आपल्या शेजारचा माणूस पॉपकॉर्न आणायला उठतो. घाईघाईत गुंडाळलेला, मागचा-पुढचा संदर्भ नसलेला तुकडा. सिनेमा झोपतो म्हणायचं तर इथे म्हणा.

‘शहर पाडा आणि घरी जा’ हा आरोप करणाऱ्यानं शेवटचा भाग मोबाइल बघत बघितला असणार. सोकोव्हिया नावाच्या काल्पनिक देशातलं एक शहर अल्ट्रॉन उचलून आकाशात नेतो, वरून आदळायला. यात अ‍ॅव्हेंजर्सचा निम्मा वेळ जातो माणसं बाहेर काढण्यात. पुलावरून, घरांतून, गाड्यांतून. मोठं विमानवाहू जहाज वर येतं तेही तोफा डागायला नव्हे तर माणसं भरून न्यायला, आणि ते येतं तेव्हा जो सुटकेचा श्वास आपण सोडतो तो कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त लक्षात राहतो. वांडाचा वेगवान भाऊ पिएट्रो मरतो तो एका पोराला वाचवायला परत गेलेल्या क्लिंटच्या आडवा येऊन. (पिएट्रो हे पात्र फिकंच आहे, हे मान्य. एक वर्ष आधी ‘एक्स-मेन’च्या सिनेमात याच पात्राला स्वयंपाकघरातला जो धमाल प्रसंग मिळाला होता, त्याच्यासमोर हा उगाच पळापळ करतो.) जोहान्सबर्गच्या मारामारीतसुद्धा हल्कला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीवर आपटायच्या आधी टोनी ती रिकामी आहे ना ते तपासतो आणि विकत घ्यायला किती वेळ लागेल ते विचारतो. धुरळा बसल्यावर हल्क भोवतालच्या भेदरलेल्या लोकांकडे बघतो, त्याचा तो चेहरा बघा.

खालच्या माणसांचा हा विषय शेवटी चिकटवलेला नाही, पहिल्या वीस मिनिटांतच तो मांडलेला आहे. टोनीची रोबो पलटण सोकोव्हियातल्या लोकांना शांत राहा सांगायला उतरते तेव्हा लोक टाळ्या वाजवत नाहीत, बाटल्या फेकून मारतात. का, ते पुढे वांडा आणि पिएट्रोच्या तोंडून कळतं. दोघं दहा वर्षांची. जेवायला बसलेली असताना घरावर तोफगोळा पडतो, आईवडील जातात. दुसरा गोळा पलंगाखाली दडलेल्या या दोघांपासून हातभर अंतरावर पडतो, फुटत नाही. दोन दिवस ती तिथेच अडकून त्याच्याकडे बघत राहतात, आत्ता फुटेल, आत्ता फुटेल. गोळ्यावर नाव लिहिलेलं, स्टार्क. ज्याच्या कारखान्यात तो गोळा बनला तोच पहिल्या सिनेमात आपला लाडका होता.

पुढे अल्ट्रॉनची बाजू सोडून आलेल्या याच वांडाला शेवटच्या लढाईत धडकी भरते आणि ती एका घरात लपून बसते. तेव्हा क्लिंट तिला जे सांगतो त्याचा मतितार्थ असा: शहर उडतंय, रोबोंची फौज अंगावर येतेय, आणि माझ्या हातात आहे धनुष्यबाण. यातल्या कशालाच काही अर्थ नाही. पण मी बाहेर जातोय, कारण ते माझं काम आहे. तू या दारातून बाहेर पडलीस तर तू अ‍ॅव्हेंजर. सगळ्या सुपरहिरो सिनेमांच्या हास्यास्पदपणाची इतकी साधी कबुली मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

नताशा. इथे यादीवाल्याशी मी भांडणार नाही. तिचं आणि ब्रूसचं जुळणं आधी कुठेच पेरलेलं नाही, मधल्या काळात आपल्या पाठीमागे झालं असं धरून चालायचं. शेतघरातच ती त्याला सांगते की तिला घडवणाऱ्यांनी प्रशिक्षणाच्या शेवटी तिचं मूल होणंच कायमचं बंद केलं होतं, आणि त्याला लागून स्वतःला राक्षस म्हणते. तिला म्हणायचं असेल की खून सोपे जावेत म्हणून मला असं घडवलं. पण वाक्यं ज्या क्रमानं येतात त्यात मूल न होणं म्हणजेच राक्षसपण, असं ऐकू येतं. बायकांना ते टोचलं, मलाही टोचलं. वर तिला पकडून कोंडून ठेवणं आलंच. एवढ्या एका मुद्द्यावर सिनेमा सोडायचा असेल तर मी अडवणार नाही.

राहता राहिली जाहिरात. गुहेबद्दल बोललेच. शेवटी हातमोजा घालणारा, पुढच्या सिनेमांचा खलनायक थॅनोस हाही पुढच्या दुकानाची पाटीच. पण टोनीच्या घरची पार्टी घ्या. फक्त लायक असेल त्यालाच उचलता येणारा थॉरचा हातोडा सगळे एकेक करून उचलून बघतात, थट्टा चालू आहे. स्टीव्हनं जोर लावल्यावर हातोडा किंचित हलतो आणि थॉरचं हसू क्षणभर मावळतं. पुढे व्हिजन जन्माला येतो. अल्ट्रॉनच्याच सामग्रीतून निघालेला हा गडी, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही यावर खल चालू असतो. तोच तो सहज हातोडा उचलून थॉरच्या हातात देतो, आणि खोलीतला वाद बंद. थट्टेत पेरलेली गोष्ट याच सिनेमात तासाभरानं पुरावा होऊन येते. २०१९मध्ये ‘एंडगेम’ला स्टीव्हनं तो हातोडा उचलला तेव्हा ठाण्याच्या थिएटरात शिट्ट्यांनी पुढची दोन मिनिटं काही ऐकू आलं नव्हतं. त्या शिट्ट्या चार वर्षं आधीच्या त्या किंचित हलण्याला होत्या. त्याच ‘एंडगेम’मध्ये हाडं वर आलेला टोनी स्टीव्हला, आपण हरलो आणि तू नव्हतास, म्हणून जे सुनावतो तेही इथल्याच एका वचनाचं उसनं फेडणं. हरलो तर तेही एकत्र, असं स्टीव्ह इथे म्हणालेला असतो.

हे सगळं टाइप करून भाच्याला पाठवलं. दोन निळ्या टिका, उत्तर नाही. चार दिवसांनी रात्री साडेबाराला मेसेज: ‘मावशी, शेतघरात थॉरचा पाय पोरांच्या लेगोवर पडतो आणि तो ते तुकडे हळूच पायानं बाजूला सारतो, बघितलंस?’ मी हा सिनेमा चार वेळा बघितलाय, मला ते कधी दिसलं नव्हतं. त्याखाली आणखी एक ओळ: ‘गुहा मात्र पळवली.’