‘कळा आणल्या की सिझर ठरलेलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

काल रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन आला. तिचं पहिलंच बाळंतपण, तारीख उलटून सात दिवस झालेत, म्हणजे एक्केचाळीस आठवडे पूर्ण. आज सकाळी आठला कळा आणण्यासाठी तिला दाखल व्हायचं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली. आणि ती म्हणाली, “ताई, मी उद्या जात नाही. तू हा मेसेज वाच आणि मग बोल.”

मेसेज मावशीनेच तिला पाठवला होता, काळजीपोटी. मला तो याआधीही दोघींकडून आलाय. ‘पहिलटकरणींनो, कळा आणण्याच्या जाळ्यात अडकू नका’ असा मथळा आणि खाली सहा मुद्दे. एक, पहिलटकरणीला इंडक्शन केलं, म्हणजे औषधाने कळा आणल्या, की शेवट सिझरच. दोन, सहा तासांत बाळ झालं नाही तर इंडक्शन फसलं समजा. तीन, सलाईनमधलं औषध म्हणजे रसायन, त्याने बाळाला ऑटिझम होतो. चार, आणलेल्या कळा दसपट दुखतात. पाच, तारीख हा डॉक्टरांचा अंदाज, बाळ तयार झालं की आपोआप येतं, त्रेचाळीस आठवड्यांपर्यंत खुशाल थांबा. सहा, शेवटी बाळाचं हलणं कमी होतं ते चांगलं लक्षण, घाबरून दवाखान्यात पळू नका, घरीच एरंडेल घ्या.

मी शेवटून सुरुवात करते. बाकीच्या मुद्द्यांनी माणूस घाबरतं, चुकीचा निर्णय घेतं. सहाव्या मुद्द्याने बाळ जाऊ शकतं.

शेवटच्या दिवसांत बाळाचं हलणं कमी होतं, हे खोटं आहे. आत जागा कमी उरते म्हणून हालचालीची तऱ्हा बदलते, लाथ मारल्यासारखं वाटण्याऐवजी वळल्यासारखं, सरकल्यासारखं वाटतं. पण बाळ हलायचं कमी होत नाही, अगदी प्रसूतीच्या दिवसापर्यंत नाही. नेहमीपेक्षा कमी हलतंय असं वाटलं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री जाऊन ठोके तपासून घ्यायचे. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. वारेतून मिळणारा प्राणवायू कमी पडू लागला की बाळ हालचाल कमी करून शक्ती राखतं. ज्या खुणेला धावत सुटायचं, नेमक्या त्याच खुणेला हा मेसेज ‘चांगलं लक्षण’ म्हणतो. हे वाचून माझे हात थरथरले. माझी बहीण दिवसभर हेच वाचत बसली होती. मी तिला आधी विचारलं, बाळ हलतंय ना? “हलतंय,” म्हणाली, तेव्हा पुढचं बोलले.

आणि वर एरंडेल. इथे अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल आतड्यावर काम करतं, तसा त्याचा परिणाम गर्भाशयाच्या स्नायूंवरही होऊ शकतो. त्यामुळे ‘घेतलं आणि कळा आल्या’ असं सांगणाऱ्या सगळ्याच बायका खोटं बोलत नाहीत. पण मग पुढचा विचार करा ना. जुलाब, उलट्या, अंगातलं पाणी कमी झालेलं, अशा अवस्थेत बाळंतपणाला सुरुवात करायची? आणि कळा आल्याच, तर किती जोराच्या येतील हे कोण पाहणार? प्रत्येक कळेत वारेकडे जाणारं रक्त काही क्षण आवळलं जातं आणि दोन कळांमधल्या उसंतीत बाळ सावरतं. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या की ती उसंतच उरत नाही. दवाखान्यात असं झालं तर सलाईन बंद करतात, कुशीवर वळवतात, गरज पडली तर गर्भाशय सैल करणारं इंजेक्शन देतात. सलाईन थांबवलं की त्यातल्या कळा आणणाऱ्या औषधाचं, ऑक्सिटोसिनचं, रक्तातलं प्रमाण काही मिनिटांतच उतरू लागतं. प्यायलेलं एरंडेल कसं थांबवणार? दवाखान्यात आणलेल्या कळा अनैसर्गिक आणि एरंडेल पिऊन आणलेल्या नैसर्गिक, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. दोन्हीकडे कळा आणल्याच जातात. एका ठिकाणी बाळाच्या ठोक्यांवर कुणाचं तरी लक्ष असतं, दुसरीकडे नसतं.

आता पहिला मुद्दा, सिझरचा. हा समज जुना आहे आणि तो कुठून आला हेही सांगता येतं. पूर्वी तुलना व्हायची ती कळा आणलेल्या बायकांची आणि आपोआप कळा आलेल्या बायकांची. पण तारीख जवळ आली असताना कुणापुढेच ‘आजच आपोआप कळा येऊ देत’ असा पर्याय नसतो. पर्याय दोनच असतात, कळा आणा नाहीतर थांबा. आणि थांबणाऱ्या सगळ्यांनाच आपोआप कळा येत नाहीत. कुणाचं रक्तदाब वाढतं, कुणाचं पाणी कमी होतं, कुणाला दहा दिवसांनी कळा आणाव्याच लागतात. त्यांनाही हिशोबात धरायला हवं.

असं धरून केलेला मोठा अभ्यास आहे. ‘अराइव्ह’ नावाने ओळखला जातो, २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. अमेरिकेतली ४१ रुग्णालयं, ६,१०६ स्त्रिया आणि सगळ्या पहिलटकरणी, कुठलीही मोठी गुंतागुंत नसलेल्या. चिठ्ठी टाकावी तशा त्यांच्या दोन गटांत वाटण्या केल्या. एका गटाला एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणल्या, दुसऱ्या गटाने वाट पाहिली. सिझर झालं ते कळा आणलेल्यांपैकी १८.६ टक्क्यांचं आणि थांबलेल्यांपैकी २२.२ टक्क्यांचं. म्हणजे कळा आणलेल्यांत सिझर कमी. गरोदरपणातल्या रक्तदाबाचा त्रासही कमी, ९.१ टक्के विरुद्ध १४.१. आणि यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या गर्भाशयाचं तोंड सुरुवातीला मऊ होऊन तयार झालेलं नव्हतं, म्हणजे सोप्या केसेस निवडून घेतल्या होत्या असंही नाही.

या अभ्यासावरून प्रत्येकीने एकोणचाळीस आठवडे होताच कळा आणून घ्याव्यात असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तसं म्हणत नाही. सगळं सुरळीत असेल तर तिची शिफारस एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची आहे. तोंड घट्ट आणि बंद असेल तर ते मऊ झालेल्या बाईपेक्षा सिझरची शक्यता जास्त असते, हेही खरं. पण ‘शेवट सिझरच’? दर शंभरातल्या ऐंशीहून जास्त बायकांची प्रसूती सिझरशिवाय झाली, हे त्या मेसेजमध्ये कुठे आहे?

दुसरा मुद्दा, सहा तासांचा. हा वरवर साधा दिसतो, पण पहिलटकरणीचं सगळ्यात जास्त नुकसान मला वाटतं हाच करतो. कारण यात माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या पहिल्या वेळी मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, सकाळी इंजेक्शन, संध्याकाळी बाळ. नवव्या तासाला तोंड जेमतेम दोन बोटं उघडलेलं, आणि मी रडून रडून म्हणत होते की माझं काही होत नाही, सिझर करून टाका. ड्युटीवरच्या सिस्टर माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, तुझी अजून खरी सुरुवातच झाली नाही.” मला एकतीस तास लागले. मुलगी नॉर्मल झाली.

पहिल्या खेपेला गर्भाशयाचं तोंड कधीच उघडलेलं नसतं. कळा आणण्याआधी ते मऊ करावं लागतं आणि या कामालाच सगळ्यात जास्त वेळ जातो. आतून तपासतात तेव्हा पाच गोष्टी बघतात: तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, कडक की मऊ, मागे की पुढे, आणि बाळाचं डोकं किती खाली आलं. याला बिशप स्कोअर म्हणतात, १९६४ पासून वापरात आहे, एकूण गुण १३. सहा किंवा कमी आले तर तोंड अजून तयार नाही असं धरतात. मग जेल लावतात, किंवा मिसोप्रोस्टॉलची गोळी अगदी थोड्या मात्रेत देतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली तोंडाने घ्यायची मात्रा दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम आहे, आणि नेहमीची गोळी असते २०० ची. म्हणून ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून घरी घ्यायचीच नाही. किंवा मग फुगा बसवतात. बारीक नळी आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा पाण्याने भरतात आणि त्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडतं. बसवताना नको वाटतं, नंतर पाळीसारखं दुखत राहतं. तीनेक सेंटीमीटर उघडलं की फुगा आपोआप निसटतो. यात बारा तास जाऊ शकतात, पूर्ण दिवसही.

त्यानंतर पाणी फोडतात आणि ऑक्सिटोसिनचं सलाईन सुरू करतात. तेही थेंबाथेंबाने, साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने वाढवत, दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा यायला लागेपर्यंत. पाच-सहा सेंटीमीटरनंतर वेग येतो. त्याआधीची संथ चाल म्हणजे काही बिघडलं असं नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली स्पष्टच सांगितलं की आई आणि बाळ ठीक असतील तर हा सुरुवातीचा टप्पा चोवीस तास किंवा त्याहून जास्त चालू द्यावा आणि पाणी फुटल्यावर सलाईन किमान बारा ते अठरा तास दिल्याशिवाय ‘इंडक्शन फसलं’ म्हणू नये. अराइव्हमध्येही कळा आणलेल्या बायकांचा लेबर रूममधला वेळ साधारण वीस तास होता, थांबलेल्यांचा चौदा. वेळ जास्त लागतो, हे लपवायचं कारणच नाही. पण ज्या बाईच्या डोक्यात कुणीतरी ‘सहा तास’ भरवलेत, ती सातव्या तासाला खचते, घरचे दाराबाहेर अस्वस्थ होतात आणि सगळे मिळून डॉक्टरांवर सिझरसाठी दबाव आणतात. सिझरची भीती घालणारा हा मेसेज बायकांना असा सिझरकडेच ढकलतो.

उरलेलं थोडक्यात. ऑटिझमची गोष्ट अमेरिकेतल्या २०१३ च्या एका अभ्यासावरून पसरली. त्यात संबंध दिसला होता, पण कारण सिद्ध झालं नव्हतं. पुढे २०१६ मध्ये स्वीडनमधल्या १३ लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केली, एकाच्या वेळी कळा आणलेल्या आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा तो संबंध उरला नाही. ‘रसायन’ म्हणाल तर ऑक्सिटोसिन आपल्याच मेंदूत तयार होतं. सलाईनमधलं त्याचीच हुबेहूब प्रत आहे, आणि ते पहिल्यांदा प्रयोगशाळेत बनवणाऱ्या विन्सेंट द्यू व्हिन्यो यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुखण्याबद्दल ‘दसपट’ हा आकडा कुणी मोजला माहीत नाही, पण आणलेल्या कळा अनेकींना जास्त बोचतात हे मी नाकारणार नाही. आपोआप आलेल्या कळा चढत चढत जातात, सलाईनच्या लवकर जोर धरतात. म्हणून वेदना कमी करण्याची काय सोय आहे, एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ते दुखणं कमी करणारं औषध, मिळेल का, हे दाखल होण्याआधी विचारून ठेवावं.

तारीख हा अंदाज आहे, हेही बरोबर. अगदी त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. पण म्हणून त्रेचाळीस आठवडे? स्वीडनमध्ये एक्केचाळीस आठवडे झालेल्या बायकांचे दोन गट करून पाहिले होते. एका गटाला लगेच कळा आणल्या, दुसरा बेचाळीसपर्यंत थांबला. प्रत्येक गटात साधारण चौदाशे जणी. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, पहिल्या गटात एकही नाही. तो अभ्यास मध्येच बंद करावा लागला. २०१९ सालची ही गोष्ट, आणि हा मेसेज अजून बायकांना ‘खुशाल थांबा’ सांगत फिरतोय.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजच्या बाजूने बोलायला हवी. काही ठिकाणी सोयीसाठी, सुट्टी गाठायला, ठरलेल्या दिवशी बाळ हवं म्हणून कळा आणल्या जातात. कारण नसताना एकोणचाळीस आठवड्यांच्या आत हे केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. त्यावर उपाय घरी लपून बसणं नाही. विचारायचं: कारण काय? माझा बिशप स्कोअर किती? आधी काय वापरणार? ठोके किती वेळाने बघणार? आणि गरज पडली तर सिझरची सोय इथेच आहे ना? चांगले डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाहीत.

रात्री दीडपर्यंत बहिणीशी हेच बोलले. आज सकाळी ती दाखल झाली. साडेदहाला तिचा मेसेज आला, “फुगा बसवला. एक बोट उघडलंय. आता काय करू?” मी लिहिलं, झोप येत असेल तर झोप, नाहीतर थोडी चाल. मग मावशीला फोन करून सगळं समजावलं. तिने तो मेसेज आणखी दोघींना पाठवलाय, दोघींनाही नववा महिना आहे. त्यांचे नंबर घेतलेत, आता त्यांना फोन लावते.