माळढोक पाहिलेला माणूस

मेव्हण्यानं गळ्यात दुर्बीण अडकवली तेव्हा आम्ही अजून सात रस्त्याच्या सिग्नललाच उभे होतो. "डोळ्यांना सवय केलेली बरी, दाजी," असं म्हणून त्यानं ती शेजारच्या रिक्षावर रोखली. रिक्षावाल्यानं तोंडातली पिंक तोंडातच ठेवली. दिवसभरात त्या दुर्बिणीचा झालेला उपयोग तेवढाच.

चूक माझी. चार वर्षांपूर्वी सासरच्या एका लग्नात, पंगतीत जिलबी दुसऱ्यांदा फिरत असताना, मी बोलून गेलो होतो की मी माळढोक पक्षी पाहिलाय. त्याआधी सासरच्या माणसांनी मला सलग तीन वाक्यं कधी बोलू दिली नव्हती. माझी नोकरी वैरागला. अकरा वर्षं बार्शी रोडनं मोटारसायकलवर जाऊन-येऊन करतोय आणि सोलापूर सोडल्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं, म्हणजे माळढोकाचं घरच. "मग रोज दिसत असेल!" मामेसासरे म्हणाले. "रोज नाही," मी नम्रपणे म्हणालो. अख्खी पंगत माझ्याकडं बघत होती. तो मान सोडवेना.

खरं म्हणजे एकदाही दिसलेला नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं बसली होती आणि जमिनीचा व्यवहार करायचा म्हटलं की लोकांना घाम फुटायचा. पुढं ते १,२२२ वर आणलं. पण पक्षी जमिनीहून वेगानं आटला, आता मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतात. बिचाऱ्याचं सगळंच अवघड. उंची मीटरभर, वजन पंधरा किलोपर्यंत, मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते आणि तेही उघड्या माळावर. उडताना नाकासमोरचं नीट दिसत नाही, बाजूचं दिसतं. त्यामुळं विजेच्या तारांवर आदळतो. नाकासमोरचं न बघता सुसाट जाणारे आमच्या सोलापुरात काही कमी नाहीत, पण त्यांची संख्या घटल्याचं ऐकिवात नाही.

माळढोक सोडून त्या रस्त्यानं मला सगळं दाखवलंय. रात्री तापलेल्या डांबरावर पोट टेकून बसणारा रातवा, ज्याचे डोळे हेडलाइटमध्ये विडीच्या ठिणगीसारखे चमकतात आणि जो चाकाखाली येता येता उडतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून मागं वळून बघणारं खोकड. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, मागं एकही दिवा नसलेला आणि पुढं टेप फुल्ल आवाजात लावलेला ट्रॅक्टर. वन्यजीवांत तो मोडत नाही हे कायद्याचं अपुरेपण.

आणि काळवीट. काळविटांचा एक नियम मी अंगावर काटे घेऊन शिकलो. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की आपल्याला वाटतं, गेलं, चला. तिथंच फसगत. कळपातलं एक पलीकडं गेलं की उरलेल्यांना जायचंच असतं, मग मध्ये मोटारसायकल असो नाहीतर एसटी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, वडाळ्याच्या अलीकडं, मी पहिलं जाऊ दिलं आणि गिअर टाकला. दुसरं माझ्या हँडलवरून गेलं. गेलं म्हणजे उडत, पाय पोटाशी घेऊन, मला खूर सुद्धा न लावता. मी मात्र थेट बाभळीत. साहेबांनी रजेच्या अर्जावर 'हरीण आडवे आले' हे कारण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "सोन्याचं होतं का?" काटे काढायला बायकोला तीन संध्याकाळी लागल्या. चिमटा भुवयांचा होता, तिनं ते अजून विसरू दिलेलं नाही.

तर मेव्हणा. गड्ड्याची जत्रा बघायला म्हणून पुण्याहून आला होता, पण बॅगेत दुर्बीण आणि हातभर लेन्स. सकाळपासून आम्ही माळ तुडवला. गवत वाळून पिवळं पडलेलं, सॉक्समध्ये कुसळं, डोक्यावर ऊन. टिटवी दिसली. चंडोल दिसला. मेव्हणा दर दहा मिनिटांनी विचारायचा, "तुम्हाला नेमका कुठं दिसला होता?" आणि मी दर वेळी वेगळ्या दिशेला बोट दाखवायचो. तिसऱ्या दिशेनंतर तो माझ्याकडं दुर्बिणीतून बघायला लागला.

परतताना उन्हं उतरली होती. एक हरणी टुणकन रस्ता ओलांडून गेली. मेव्हण्यानं पाय ॲक्सिलरेटरवर नेला. मी ओरडलो, "थांब!" तीस-पस्तीस जणांचं वऱ्हाड कमानी टाकत समोरून गेलं, सगळ्यात शेवटी पिळदार शिंगांचा काळाभोर नर, नवरदेवाच्या काकासारखा, कुठलीही घाई नसलेला. मेव्हण्याच्या तोंडून शब्द फुटेना. फोटो काढायचा राहूनच गेला. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवून आमच्या आईची चौकशी केली.

मैलभर पुढं गेलो आणि मेव्हण्यानं करकचून ब्रेक दाबला. "दाजी! तिकडं!" शे-दीडशे पावलांवर, अंधुक उजेडात, गवतात तो बसला होता. डोकं काळं, मान पांढरी, अंग तपकिरी. माझ्या पोटात खड्डा पडला. मेव्हण्याची लेन्स थरथरत होती. त्यानं चाळीसेक फोटो काढले. मग माळढोक उठला. त्यानं मळून तपकिरी झालेलं घोंगडं झटकलं, गळ्यातला पांढरा पंचा सारखा केला, काळी टोपी खाली ओढली, काठी घेतली आणि आमच्या दिशेनं आला. मागून मेंढरं.

"काय हुडकालाव वो?"

"माळढोक," मी म्हणालो.

"त्यो कुठला आता." म्हातारबाबांनी लेन्सकडं बघितलं. "माझं फोटू काढलं व्हय? एक पाठवून द्या की."

सोलापूर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

गेल्या महिन्यात सासरी मुंज होती. पंगतीत मेव्हणा फोन फिरवत होता. स्क्रीनवर धूसर गवत आणि त्यात बसलेलं काहीतरी, काळं डोकं, पांढरी मान. मामेसासऱ्यांनी चष्मा कपाळावर नेऊन बघितलं. "जावईबापू, हाच का तो?"

मेव्हणा माझ्याकडं बघत होता. वाढपी जिलबी घेऊन आला.

"हाच," मी म्हणालो. "मी शेजारीच होतो."