मिठाने रंग पक्का होत नाही

सध्या बचत गटांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: 'हळद, बीट, जास्वंद, कोकम, घरातलं काहीही उकळा. मूठभर मीठ, दोन चमचे व्हिनेगर घाला आणि कापड बुडवा. रंग आयुष्यभर जाणार नाही. एकही रसायन नाही, निसर्गाला काडीचा त्रास नाही. आपल्या आज्या असंच रंगवायच्या.' खाली हात जोडलेले आणि पानाफुलांची चित्रं. गोधडी आणि भिंतीवर लावायचे कापडी पट करणाऱ्या किती जणींनी यावर विसंबून कापड वाया घालवलं असेल कोण जाणे. म्हणून एकेक वाक्य धरून लिहिते.

'काहीही उकळा.' डाग पडणं वेगळं आणि रंग बसणं वेगळं, हे कोकणातल्या बाईला शिकवायला नको. पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली की साबण लागताच ती लाल होते आणि उन्हात वाळत घातलं की दोन दिवसांत फिकी पडते. कोकमाच्या आगळाचा डाग साबणाच्या पाण्यात निळसर-जांभळा होतो आणि धुता धुता विरतो. जास्वंदीचंही तेच, कारण दोघांतलं रंगद्रव्य एकाच घराण्यातलं, अँथोसायनिन. आंबट पाण्यात ते लाल दिसतं, साबण-सोड्यासारख्या खारात निळं-हिरवं होतं आणि उजेडात टिकत नाही. बीटचा गुलाबी तर सुती कापडाला धरतच नाही, पहिल्याच पाण्यात निघून जातो. पण काजूच्या बोंडूचा रस पडला तर? तो सदरा गेलाच समजा. तो तपकिरी डाग ब्लीचलाही दाद देत नाही. बोंडूत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं आणि टॅनिन सुताला घट्ट धरतं. भडक दिसणाऱ्या फुलांपेक्षा घशाला कोरड पाडणाऱ्या साली, फळं आणि लाकडं रंगाच्या जास्त कामाची असतात. हिरडा, ऐनाची साल, खैराचा कात, नारळाचं सोडण, सुपारी उकडलेलं पाणी, यातलं काहीच त्या मेसेजात नाही. फोटोत ते सुंदर दिसत नाही, दुसरं काय.

'मीठ आणि व्हिनेगर.' हा सल्ला मुळात नैसर्गिक रंगांचा नाहीच. मीठ लागतं ते सुतावर चढवायच्या पुडीच्या रंगांना. पाण्यात विरघळलेला कृत्रिम रंग कापडाकडे ढकलायला ते मदत करतं. व्हिनेगर लागतं लोकर आणि रेशमावरच्या आम्लधर्मी रंगांना. कुणीतरी दोन्ही उचलून जास्वंदीच्या टोपात टाकलं. परदेशी व्हिडिओंत बऱ्याचदा लोकर असते. ती प्राणिज असल्यामुळे तुरटी थेट धरते. आपण नेसतो आणि शिवतो ते सुती, आणि सुताला तुरटी एकटी धरता येत नाही. आधी टॅनिन, मग तुरटी, मग रंग असा क्रम ठेवावा लागतो.

तो क्रम एकदा नीट सांगते, कारण सगळी गंमत इथेच आहे. कोरा मांजरपाट घ्या. तो धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट होतं, ती कापसातली मेण-चिकटाई आणि खळ. ती राहिली तर रंग ठिपक्याठिपक्याने बसतो. मग शंभर ग्रॅम कापडाला साधारण पंधरा-वीस ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवा. सकाळी ते मलईसारखं पिवळसर होतं. पिळा, वाळवा, पण खळबळून धुऊ नका. मग पंधरा ग्रॅमच्या आसपास तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा काही तास. इतकं झाल्यावर रंगाचा टोप.

त्या टोपात काय? मी फणसाच्या लाकडाचा भुसा सुचवीन. जुन्या घराची तुळई चिरताना किंवा देव्हारा घडवताना सुताराकडे पडतो तो पिवळाधमक, गाभ्याचा. पोतंभर फुकट मिळतो. रात्रभर भिजवा, मंद आचेवर तासभर ठेवा, जुन्या पंचातून गाळा. याच लाकडाच्या रंगाने म्यानमार आणि थायलंडमधल्या भिक्खूंची वस्त्रं रंगवली जात. हिरडा-तुरटी केलेलं कापड त्यात मधासारखा पिवळा रंग घेतं. शेजारी नुसतं मीठ-व्हिनेगरचं कापड बुडवून बघा. दोन्ही बाहेर काढताना सारखीच दिसतील. फरक दिसतो तो साबणाच्या पाण्यात. मग वाचलेल्या तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत आठ-दहा दिवस ठेवा. हीच परीक्षा हळदीच्या तुकड्यालाही द्या. मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं केलं तरी पुष्कळ. पिवळा मळकट आला तर भुशाला दोष देऊ नका. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात बऱ्याचदा लोह उतरतं आणि लोहाने पिवळा शेवाळी होतो. पागोळीचं साठवलेलं पावसाचं पाणी यासाठी उत्तम.

'आयुष्यभर जाणार नाही.' नीट बसवलेला वनस्पतीचा रंग शतकं टिकतो, हे खरं. इजिप्तमधल्या फुस्तात इथे मध्ययुगीन गुजराती ठशांच्या कापडाचे तुकडे सापडले, त्यांवरचा लाल आणि निळा आजही ओळखू येतो. पण तो मंजिष्ठा आणि आल (म्हणजे बारतोंडी) यांच्यासारख्या मुळांचा तुरटीवर बसवलेला लाल आणि नीळ होती. नीळ तर निराळीच कथा. तिला तुरटी नको, आंबवलेलं खाराचं, म्हणजे अल्कधर्मी, पाणी हवं. हळद त्या पंगतीला बसत नाही.

'एकही रसायन नाही.' तुरटी रसायन, चुना रसायन, धुण्याचा सोडाही रसायनच. केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की बोटं आणि पातं काळं पडतं ना? टॅनिन आणि लोह भेटले. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवून रंगारी याच मार्गाने काळा करतात. लोह जास्त झालं तर तेवढा भाग काही वर्षांत विरतो. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघांच्या जागीच आधी भोकं पडलेली दिसतात, ती त्यामुळे. रसायनाला घाबरायचं कारण नाही, मोजायचं कारण आहे.

'निसर्गाला काडीचा त्रास नाही.' इथे मला खरा राग येतो. रंग उजळावा म्हणून काही जणी मोरचूद घालतात. सुपारीला बुरशीवरचं बोर्डो मिश्रण फवारायला आणलेलं ते घरात असतंच. ते तांब्याचं मीठ आहे, उरलेलं पाणी वहाळात ओतलं की मासे मरतात. बायक्रोमेट या क्रोमियमच्या विषारी मिठाचं तर नावच नको. लाल हवा म्हणून बारतोंडीची मुळं खणली की झाड गेलं. बुंध्याभोवती सगळीकडून साल सोलली की ऐनाचं झाड उभ्याउभ्या वाळतं. आणि खारफुटीच्या सालीने झकास तपकिरी येतो असं सांगत फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली खारफुटी तोडायला मनाई केली आहे. शिवाय पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत मे महिन्यात वाडीवर टँकर येतो, आणि एका कापडाला सोडा, हिरडा, तुरटी, रंग अशी चार पाणी लागतात. कृत्रिम रंग कापडाच्या वजनाच्या दोन-चार टक्के पुरतो. भुसा किंवा साल कापडाइतकी, कधी दुप्पट लागते. सरपण वेगळं. म्हणून हे काम थोडं, पावसाळ्यानंतर, आणि सुताराच्या किंवा बागेच्या टाकाऊ मालावर करावं.

'आपल्या आज्या.' कुणाच्या? लाल रंगाचं मूळ द्रव्य अॅलिझरिन 1869 पर्यंत प्रयोगशाळेत तयार झालं होतं, कृत्रिम नीळ 1897 पासून बाजारात आली. 1930 च्या आसपास जन्मलेल्या आजीचं लुगडं बहुधा गिरणीतच रंगलेलं, गिरणगावातल्या चाकरमान्याने गणपतीला आणलेलं. या धो धो पावसात कापूसही फारसा होत नाही, सूत घाटावरून नाहीतर बंदरातून यायचं. इथे झाडाच्या सालीचा खरा उपयोग नायलॉन येईपर्यंत होत होता तो मासेमारीच्या जाळ्यांना. सुती जाळी खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून सालीच्या काढ्यात बुडवत. त्यात शोभेचा काही संबंध नव्हता, पण रंग मात्र पक्का बसायचा, टॅनिनमुळेच.

राहिली विक्री. प्रदर्शनात पट विकताना चिठ्ठीवर 'नैसर्गिक रंग' एवढंच लिहू नका. फणस, हिरडा, तुरटी असं स्पष्ट लिहा, लोह वापरलं असेल तर तेही. आणि हळदीचं काम असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा, उन्हाच्या भिंतीवर लावू नका म्हणून.