"दिव्यांगांना गाडी टॅक्स फ्री मिळते" हे खरं नाहीये, हिशोब बघा

सोसायटीच्या ग्रुपवर काल परत तोच मेसेज आला. "४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा आणि फॉर्च्युनरसुद्धा टॅक्स फ्री घ्या, टोल फ्री, इन्शुरन्स फ्री, आणि भरतोय कोण तर आपण." त्याखाली धडाधड अंगठे, आणि "खोटी सर्टिफिकेटं काढतात, ह्यांची सूट काढा" अशा कमेंट. माझे दोन्ही पाय पोलिओने गेलेत आणि गेली नऊ वर्षं मी स्वतः गाडी चालवतेय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगते.

"टॅक्स फ्री." कधीच नव्हती. सवलत होती ती अशी, की छोट्या पेट्रोल गाडीवर सगळ्यांना २८ टक्के जीएसटी अधिक १ टक्का सेस (वरचा जादा कर), आणि अस्थिव्यंग (हातापायांचं अपंगत्व) असलेल्याला १८ टक्के, सेस नाही. मूळ किंमत ५ लाख धरा, तुम्हाला पडायची ६ लाख ४५ हजारला, आम्हाला ५ लाख ९० हजारला. वाचले ५५ हजार, पण ९० हजार टॅक्स आम्हीही भरलाच ना!

"फॉर्च्युनरसुद्धा." पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत आणि लांबी ४ मीटरच्या आत, एवढ्याच गाड्यांना सवलत होती. त्यासाठी अवजड उद्योग मंत्रालयाचं सर्टिफिकेट आणायचं, ५ वर्षं गाडी विकणार नाही असं लिहून द्यायचं, आणि हे सगळं ४० टक्के किंवा जास्त अस्थिव्यंग असेल तरच, ज्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही त्यांना ही सवलत नव्हतीच.

आणि मेसेज फिरवणाऱ्यांना हे माहीतच नसावं की २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्याच मापाच्या गाड्या सगळ्यांनाच १८ टक्क्यांत आल्या. स्वस्त झाल्या ह्याचा मला आनंदच आहे, पण आमच्या आणि तुमच्या जीएसटीत आता फरक उरला शून्य. खर्चात मात्र फरक तसाच आहे.

तो कसा ते सांगते. माझ्या गाडीत स्टेअरिंगच्या डावीकडे एक लोखंडी दांडा आहे, खाली पेडलला जोडलेला. पुढे ढकलला की ब्रेक, स्वतःकडे ओढला की ॲक्सिलरेटर, आणि उजव्या हाताने स्टेअरिंगवरची मूठ धरून वळवायचं. खंबाटकी उतरताना डावा हात एक क्षण मोकळा नसतो, खाली पोचेपर्यंत खांदा भरून येतो. क्लच दाबायला पाय नाही म्हणून ऑटोमॅटिकच घ्यावी लागली, तिचे जास्तीचे पैसे आणि त्या जास्तीच्या पैशांवर परत टॅक्स. मग किट (म्हणजे हा दांडा आणि त्याचं जोडसामान), फिटिंग, आरटीओत गाडी दाखवून आरसीवर नोंद. (२०१९ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यात अशा गाडीला "इनव्हॅलिड कॅरेज" म्हणायचे, आता "ॲडॅप्टेड व्हेईकल" म्हणतात, हे मला फार बरं वाटलं.) सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी काउन्सिलने ह्या किटवरचा टॅक्स ५ टक्के केला, तो निर्णय खरंच कामाचा होता. पण ५ टक्के फक्त किटवर, आणि ५ टक्के म्हणजे फ्री नव्हे.

टोलचं म्हणाल तर नॅशनल हायवेच्या नियमात सूट आहे ती खास दिव्यांगासाठी बनवलेल्या गाडीला, खिशातल्या सर्टिफिकेटला नाही. इन्शुरन्समध्ये ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) भागावर सवलत मिळते, थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) पूर्ण भरावा लागतो. आणि कुणीतरी खाली 80U (इन्कम टॅक्समधलं दिव्यांगांसाठीचं कलम) लिहिलंय, त्या ७५ हजारांच्या वजावटीचा गाडीशी काही संबंध नाही आणि इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये ती मिळतही नाही.

राहिलं "खोटी सर्टिफिकेटं काढतात". काढतात काही जण, आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल व्हायलाच पाहिजे, त्यांच्यामुळे आम्हाला प्रत्येक खिडकीवर संशयाने बघतात. पण म्हणून आमच्या दांड्यावरची सूट काढा असं कसं म्हणता?

माझी गाडी बी विंगखाली उभी असते. ज्यांनी अंगठे दिलेत त्यांनी रविवारी सकाळी या, पाय मागे दुमडून बसा आणि नुसत्या हातांनी गेटपर्यंत नेऊन दाखवा, मी शेजारी बसते.