‘सगळ्या कमांडना एकच टॅब कम्प्लिशन’: हे बॅशआरसीत टाकू नका

"चार ओळी टाका, प्रत्येक कमांडचे ऑप्शन टॅबवर मिळतील" असं म्हणत बॅशआरसीत, म्हणजे बॅश (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) सुरू होताना वाचतो त्या सेटिंग फाइलीत, टाकायचा एक कोड फिरतोय. टॅब कम्प्लिशन म्हणजे टॅब दाबला की अर्धवट टाइप केलेलं बॅशने पुरं करणं. काल तो माझ्या धाकट्या भावाने वापरला म्हणून लिहितोय. कोड काय करतो, तर टॅब दाबला की टाइप केलेली कमांड --हेल्प (मदत दाखवायला सांगणारा ऑप्शन) लावून चालवतो, आउटपुटमधले डॅशवाले शब्द ग्रेपने (मजकुरात शोधणारी कमांड) उचलून कम्पजेनला (जुळणारे पर्याय काढणारी बॅशची कमांड) देतो, आणि कम्प्लीट -डी ने, म्हणजे कम्प्लिशन ठरवणाऱ्या कमांडच्या 'डीफॉल्ट' ऑप्शनने, हे सरसकट सगळ्यांना लावतो.

पहिला दावा, "--हेल्प सगळ्यांनाच कळतं." अजिबात नाही! भावाची जुने लॉग उडवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट आहे, ती आर्ग्युमेंट (नावापुढे दिलेले शब्द) बघतच नाही. त्याने नाव टाइप केलं, स्पेस दिली, टॅब दाबला, ऑप्शन एकही आला नाही, पण स्क्रिप्ट मात्र चालली आणि लॉग गेले, एंटर न मारता. माणूस टॅब दाबतो तेव्हा तो अजून ठरवत असतो, त्या क्षणी अनोळखी प्रोग्राम चालवायचा हक्क कम्प्लिशनला कुणी दिला?

दुसरा दावा, "आधीच्या कम्प्लिशनला धक्का लागत नाही." बॅशचं मॅन्युअल उघडा, प्रोग्रामेबल कम्प्लिशनचा भाग. ज्या कमांडला कम्प्लिशन ठरवलेलं नाही तिच्यासाठी -डी लागतं, इतपत खरंय. पण बॅश-कम्प्लिशन पॅकेज (शेकडो कमांडची तयार कम्प्लिशन देणारं) प्रत्येक कमांडची फाइल गरज पडेल तेव्हा लोड करतं ते याच -डी वर, आणि -डी ची जागा एकच. तुमचा कोड त्या पॅकेजच्या खाली टाकलात की त्याचा लोडर गेला, मग गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) ब्रँचची नावं टॅबवर का येत नाहीत म्हणून शोधत बसा.

तिसरा दावा, "व्हॅल्यूपण आपोआप", म्हणजे ऑप्शनच्या = पुढचा भागही टॅबवर मिळेल, हेही चूक, कारण = वर बॅश शब्द तोडतं. --कलर=ऑ वर टॅब दाबला तर फंक्शनच्या हातात नुसतं 'ऑ' येतं, ऑप्शनचं नाव दोन शब्द मागे राहतं.

हो, --हेल्प वाचून ऑप्शन काढणं बॅश-कम्प्लिशनमध्येसुद्धा आहे, मान्य. पण तिथे एलएस, सीपीसारख्या कमांडची नावं माणसांनी निवडून लिहिलीयेत.

स्वतःच्या स्क्रिप्टला हवंय ना, मग कम्प्लीट -डब्ल्यू, पुढे अवतरणात ऑप्शन, शेवटी स्क्रिप्टचं नाव, एका ओळीत झालं, काहीही चालवावं लागत नाही. आणि तो कोड टाकला असेल तर बॅशआरसीतून काढून सगळी टर्मिनल बंद करा, उघड्या विंडोत तो अजून जिवंत असतो.