वरमालेचे नव्हे, पाठवणीचे गाणे

लग्नसराई सुरू झाली की नाशिकमधील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणे अमेरिकी गायिका व्हिटनी ह्यूस्टन यांनी आपल्या प्रियकरासाठी लिहिले, त्याआधी रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्ली यांनी ते ध्वनिमुद्रित केले होते आणि जन्मभराच्या सोबतीचे वचन म्हणून वरमालेच्या वेळी तेच वाजवावे, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान खरे नाही.

हे गाणे अमेरिकी गायिका आणि गीतकार डॉली पार्टन यांनी १९७३ मध्ये लिहिले आणि १९७४ मध्ये त्यांच्याच आवाजात ते अमेरिकेतील कंट्री संगीताच्या, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या संगीताच्या, लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. व्हिटनी यांनी ते १९९२ च्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी गायले, आणि तेही मूळ ठरलेले गाणे बाजूला पडल्यावर नायक केविन कॉस्टनर यांनी हे सुचवले म्हणून. वाद्यांची साथ नसलेली त्यांची सुरुवात आजही अंगावर काटा आणते. तरी शब्द आणि चाल डॉली यांचीच आहे.

एल्विस यांना हे गाणे हवे होते, एवढेच खरे. त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी प्रकाशनहक्कांचा अर्धा वाटा मागितला, डॉली यांनी तो नाकारला आणि ध्वनिमुद्रण झालेच नाही.

राहिला प्रियकर. डॉली १९६७ मध्ये कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दाखल झाल्या आणि त्यांच्यामुळे घराघरांत पोहोचल्या. पुढे स्वतंत्र वाट धरायची वेळ आली, तेव्हा पोर्टर त्यांना सोडायला तयार होईनात. वाद घालून काही साधेना, म्हणून डॉली यांनी हे गाणे लिहिले आणि त्यांच्यासमोर बसून गायले. पोर्टर यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी जाण्यास संमती दिली, मात्र या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची निर्मिती आपण करू, या अटीवर. ज्याने हात धरून पुढे आणले त्याचा निरोप घेताना दाटलेली कृतज्ञता या गाण्यात आहे.

शब्द नीट ऐकले तर हे लपत नाही. मी थांबले तर तुझ्या वाटेत अडथळाच होईन, म्हणून निघते, अशीच गाण्याची सुरुवात आहे. नवरानवरी एकमेकांच्या गळ्यात हार घालत असताना गंगापूर रोडवरील लॉन्समध्ये हे वाजते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याच मांडवात, अवघ्या काही तासांनी, मुलगी वडिलांच्या पाया पडून गाडीत बसते, तेव्हा या गाण्याची खरी जागा आलेली असते.