दाजींचं उड्डाण आणि माझी गुलाबी पानं

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मी मनोमन शपथ घेतली होती, की यापुढं स्वतःच्या पासबुकाशिवाय दुसऱ्या कुठल्या रकान्यात डोकं घालायचं नाही. शपथ दीड वर्ष टिकली. मग एका रविवारी हवाई दलातून हेलिकॉप्टर पायलट म्हणून निवृत्त झालेले आमचे दाजी सकाळी आठच्या ठोक्याला दारात उभे राहिले. ("आठला येतो" म्हणून खरोखर आठला येणारा माणूस राजकारणात पडतोय, हे ऐकूनच मी गाव सोडायला हवं होतं.)

"विधानसभा लढवतोय. अपक्ष. हिशेब तू बघायचा. काही शंका?"

ब्रीफिंग संपलं होतं. मागं ताई उभी होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी बरा होईन पण वेळ लागेल, असं डॉक्टरनं तिच्याजवळ बोलून ठेवलंय.

दाजी आधी एका पक्षाच्या कार्यालयात जाऊन आले होते. तिथं त्यांना विचारलं, "तुमच्यामागं माणसं किती?" दाजी म्हणाले, "को-पायलट धरून दोन." हे मला खरं वाटत नाही, पण ताई देवाशपथ सांगते. मी धीर देण्यासाठी राजेश पायलट यांचं उदाहरण काढलं. हवाई दल सोडून ते 1980 मध्ये भरतपूरमधून लोकसभेवर गेले आणि आडनावसुद्धा पायलटच झालं. राज्याच्या राजकारणात हवाई दलातूनच आलेले तेलंगणाचे उत्तमकुमार रेड्डी आहेतच. दाजी लगेच म्हणाले, "रेड्डी फायटरवाले." या एका शब्दात किती पिढ्यांचं वैर असतं, हे हेलिकॉप्टरवाल्याच्या घरात मुलगी दिल्याशिवाय कळत नाही.

उमेदवारी अर्जापर्यंत मात्र दाजी सुखात होते. त्या शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवता येत नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावंच लागतं. दाजींना हे फारच आवडलं. आयुष्यभर उड्डाणाआधी चेकलिस्ट वाचलेला माणूस. "प्रलंबित गुन्हे?" ते मोठ्यानं वाचायचे. मी म्हणायचो, "निरंक." "शेतजमीन?" "निरंक." "सरकारी थकबाकी?" "निरंक." तिसऱ्या पानावर मी नुसतं "हो हो" म्हटलं, तर त्यांनी परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. शेजारी बसलेल्या वकिलांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

अपक्षाला दहा सूचक लागतात आणि दहाही जण त्याच मतदारसंघातले मतदार असावे लागतात. नऊ मिळाले. दहावे आमचे जुने शेजारी सही करून मोकळे झाले आणि मग कळलं, की दोन वर्षांपूर्वी मुलाकडं राहायला गेल्यापासून त्यांचं नाव शेजारच्या मतदारसंघात आहे. शेवटी दहावा सूचक म्हणून माझी सही झाली. 10,000 रुपये अनामत भरली. अर्ज घेण्याची वेळ अकरा ते तीन. बाकीचे उमेदवार मुहूर्त काढून, ताशे वाजवत आले. आम्ही पावणेअकराला बंद दारासमोर रांगेत. रांगेत दोघंच.

चिन्हासाठी तीन पसंती द्याव्या लागतात. पहिली दोन दाजींनी विचार करून लिहिली, तिसरी मी जागा भरायची म्हणून लिहिली. पहिल्या दोन चिन्हांवर इतरांनीही हक्क सांगितला आणि चिठ्ठीत ती त्यांच्याकडं गेली. अशा रीतीनं आयुष्यभर उडालेल्या माणसाला रोड रोलर मिळाला. ताई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

खरी माझी परीक्षा पुढं. उमेदवाराला खर्चाची नोंदवही देतात. रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. खर्चासाठी वेगळं खातं. प्रचारात निदान तीन वेळा ही वही तपासणीला न्यायची. तिकडं सरकारी माणसं आपली एक समांतर वही ठेवतात, तिला छाया नोंदवही म्हणतात. तुमच्या वहीत सभेला वीस खुर्च्या आणि छायेत पन्नास असतील, तर मधल्या तीस खुर्च्यांवर कोण बसलं होतं याचा जबाब तुम्ही द्यायचा. चहा, वडापाव, हार, रिक्षा, सगळ्याचे दर ठरलेले. मर्यादा 40 लाखांची. आम्ही तिच्या इतके खालून उडत होतो, की रडारवरही दिसलो नसतो.

याला कारण दाजींची पद्धत. सियाचीनवर सोनम, अमर असल्या चौक्या जवळजवळ 20,000 फुटांवर. तिथल्या विरळ हवेत चीता हेलिकॉप्टर जेमतेम एखादा रॉकेलचा कॅन उचलतं. त्यामुळं निघण्यापूर्वी किलो-किलोचा हिशेब. दाजींनी तोच हिशेब प्रचाराला लावला. कार्यकर्ते सात, चहा सात. आठवा आला तर तो "ओव्हरलोड".

शिवाय वर इंजिन बंद करायचं नसतं, कारण ते परत सुरू होईल याची खात्री नसते. पातं फिरतं ठेवून सामान टाकायचं की निघायचं. दाजी मतदाराच्या घरी अगदी तसेच जायचे. चपला काढायचे नाहीत, उंबऱ्यातच उभे राहायचे. "नमस्कार. अपक्ष. रोड रोलर. पाणी आणि रस्ते. काही शंका?" आणि गडी वळला. आतून पोह्यांची बशी घेऊन आलेली बाई आमच्या पाठीकडं बघत राहायची. अर्ध्या तासात आम्ही चाळीस घरं उरकली आणि चाळीस घरांचे पोहे दुखावले. मी ताटं मागं फिरताना पाहिलीत. एकात शेव होती.

मग तो शाळेच्या मैदानाचा दिवस उजाडला. विरोधी उमेदवाराच्या सभेला त्यांचे मोठे नेते हेलिकॉप्टरनं येणार होते. आमची रिक्षा तिथून चालली होती. दाजींनी एकदम रिक्षा थांबवली.

"हे कुणी केलंय?"

मला तर सगळं झकास दिसत होतं. चुन्यानं गोल आखून मधे एच काढला होता आणि साहेबांना वरून दिसावेत म्हणून गोलाच्या कडेनं झेंडे रोवले होते.

"उतरायच्या वाटेवर तार आहे. ते मंडपाचं कापड सुटं आहे, पात्यात जाईल. आणि हा फुफाटा! शेवटच्या वीस फुटांत पायलट आंधळा होणार."

"दाजी, तो त्यांचा पायलट आहे."

"पायलट कुणाचा नसतो," असं म्हणून ते उतरलेच. कुठल्याशा लग्नाला निघालेला पाण्याचा टँकर त्यांनी हात करून मैदानात वळवला. टँकरवाला म्हणाला, "पैसे?" दाजींनी माझ्याकडं बोट केलं. मी रोख मोजले, पावती घेतली. गुलाबी पान.

मग दाजींनी झेंडे उपटायला घेतले. विरोधी उमेदवाराचे कार्यकर्ते धावून आले, पण दाजींनी परेडचा आवाज लावला तसे तेच कार्यकर्ते मुकाट्यानं खुर्च्या उचलू लागले. हेलिकॉप्टर दिसलं. दाजी वाऱ्याकडं पाठ करून, दोन्ही हात वर करून उभे राहिले. (हेलिकॉप्टर वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. त्यातून उतरणाऱ्यांची रीत वेगळी असते, पण तो विषय सोडा.) तारेपासून लांब, ओल्या मातीवर ते अलगद टेकलं. पायलटनं काचेतून अंगठा वर केला. अख्ख्या प्रचारात आम्हाला मिळालेला तो एकमेव निर्विवाद पाठिंबा, आणि त्याचं मत आमच्या मतदारसंघात नव्हतं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ प्रत्येक फोनवर. खाली लिहिलेलं, 'अपक्षाचा दोन्ही हात वर करून जाहीर पाठिंबा.' त्याच वेळी दाजींनी झेंडे काढले म्हणून आचारसंहिता भंगाची तक्रारही झाली. आमच्या सातांपैकी पाच जणांनी उद्या यायचं का, असं विचारलं. दाजी मस्त जेवले आणि साडेनऊला झोपले.

निकालाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली तर अनामत परत मिळते. आम्हाला मिळाली नाही.

पण हिशेब सुटत नाही. निकालानंतर तीस दिवसांत तो द्यावाच लागतो. मी वही घेऊन गेलो. तपासणाऱ्या साहेबांनी छाया नोंदवही शेजारी ठेवली आणि गुलाबी पानावर बोट ठेवलं.

"हेलिपॅडवर पाणी मारणे?"

"हो. पावती जोडलीय."

"हेलिकॉप्टर कशात दाखवलंय?"

"ते आमचं नव्हतं."

"मग कुणाचं?"

"विरोधी उमेदवाराच्या नेत्यांचं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि पाणी तुम्ही मारलं."

"मी पैसे दिले. मारलं टँकरवाल्यानं."

"यातून तुमच्या उमेदवाराला काय फायदा झाला? इथं कारण लिहायला लागेल."

मी पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : निरंक.